रेझोनेटर गिटार : स्वस्त वाद्याचा आवाज सुधारताना

स्वस्त रेझोनेटर गिटार विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येणारी निराशा बहुधा पहिल्या आठवड्यातच सुरू होते. दुकानाच्या काचेमागे चकाकणारी पत्र्याची थाळी, तिच्यावरील जाळीदार नक्षी आणि एखाद्या जुन्या ब्लूज ध्वनिमुद्रणातून कानात बसलेला तो धारदार, किंचित अनुनासिक, खोलीभर पसरणारा स्वर या साऱ्यांच्या मोहात वाद्य घरी येते. घरी आल्यावर त्यातून जो आवाज निघतो, तो रिकाम्या डब्यावर चमचा आपटल्यासारखा असतो. एखादा विशिष्ट स्वर छेडला की आतून काहीतरी खुळखुळते. बारीक तारा कर्कश वाटतात आणि जाड तारा मुक्या. महिन्याभरात वाद्य कपाटावर जाते आणि वर्षभरात जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत.

यातील पुष्कळ वाद्ये कारखान्यातून अर्धवट जुळवलेल्या अवस्थेत बाहेर पडलेली असतात, एवढाच त्यांचा दोष. साध्या गिटारीत आवाज घडतो तो पुढच्या लाकडी फळीत आणि तिच्या आत सरसाने चिकटवलेल्या पट्ट्यांत. ती फळी जाड किंवा निकृष्ट निघाली, तर मालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. रेझोनेटर गिटारीचे तसे नाही. तिचा आवाज घडवणारे सर्व भाग स्क्रूने किंवा केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहिलेले असतात. साध्या पेचकसाने ते उघडता येतात, पाहता येतात, बदलता येतात. म्हणूनच हे बहुधा एकमेव असे स्वस्त तंतुवाद्य आहे, की ज्याच्या उणिवा घरच्या टेबलावर दूर करता येतात. आणि तितक्याच सहजपणे ते घरच्या टेबलावर बिघडवताही येते.

मोठ्या आवाजाची गरज

या वाद्याचा जन्मच मुळी ऐकू येण्याच्या धडपडीतून झाला. १९२०च्या दशकात अमेरिकेत नृत्यशाळांतून आणि करमणुकीच्या रंगमंचावरून पितळी वाद्यांचे ताफे वाजत. विजेचे ध्वनिवर्धन अद्याप गिटारीपर्यंत पोहोचलेले नव्हते आणि त्या गदारोळात गिटारवादकाची बोटे दिसत, स्वर ऐकू येत नसे. हवाई पद्धतीने गिटार वाजवणारे जॉर्ज बोशाँ यांनी लॉस एंजेलिसमधील वाद्यकारागीर जॉन डोपेरा यांच्याकडे अधिक मोठ्या आवाजाच्या गिटारीची मागणी केली. डोपेरा हे स्लोव्हाक स्थलांतरित. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्याचे तीन शंकू गिटारीच्या धातूच्या देहात बसवले आणि तारांचे कंपन इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या घोडीमार्फत त्या शंकूंना दिले. १९२७ मध्ये हे त्रिशंकू वाद्य ‘नॅशनल’ या नावाने बाजारात आले. पुढे लवकरच भागीदारांत बिनसले. डोपेरांनी वेगळे होऊन भावांसह दुसरी कंपनी काढली. डोपेरा यातील ‘डो’ आणि ‘ब्रदर्स’मधील ‘ब्रो’ जोडून तिचे नाव ‘डोब्रो’ ठेवले गेले. स्लोव्हाक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘चांगले’ असाही होतो, हा योग त्यांनी जाहिरातीत पुरेपूर वापरला. १९९३ पासून हे नाव गिब्सन कंपनीच्या मालकीचे आहे. तरीही बोलताना लोक कोणत्याही रेझोनेटर गिटारीला सर्रास डोब्रोच म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तीन शंकूंचे मूळ वाद्य महाग होते. एका शंकूची वाद्ये आली ती किंमत उतरवण्यासाठी. नॅशनलचे रंगवलेल्या पोलादी पत्र्याचे ‘ड्युओलियन’ हे १९३०च्या दशकातील मंदीच्या काळात साध्या माणसाच्या आवाक्यातले वाद्य होते आणि मिसिसिपीकडच्या बुक्का व्हाइट यांच्यासारख्या ब्लूज गायकांनी त्याच जातीच्या वाद्यांवर आपली कला उभी केली. मार्क नॉफ्लर यांचे १९३७ सालचे एकशंकू नॅशनल १९८५ मधील ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर झळकले आणि जगभरातील तरुणांना या चकाकत्या गिटारीचे वेड लागले. आज स्वस्तात मिळणारी बहुतेक रेझोनेटर गिटार चीनमध्ये तयार होते आणि ती या एकशंकू वाद्यांचीच वंशज आहे.

तिचेही दोन प्रकार आहेत आणि दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आपल्याकडे कोणता आहे हे ओळखणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात साडेनऊ इंच व्यासाचा शंकू शिखर वर करून बसवलेला असतो. त्या शिखरावर लाकडाची एक लहान गोल चकती असते, तिला ‘बिस्किट’ म्हणतात. चकतीच्या खाचेत लाकडाचीच पातळ पट्टी, म्हणजे सॅडल, उभी असते आणि तारा तिच्यावरून जातात. नॅशनलच्या परंपरेतील ही रचना. हिचा स्वर चटकन उसळतो आणि चटकन विरतो. ब्लूजला तो मानवतो. दुसऱ्या, म्हणजे डोब्रोच्या प्रकारात साडेदहा इंचांचा शंकू वाडग्यासारखा उताणा असतो. त्याच्या काठांवर आठ पायांचा धातूचा ‘स्पायडर’ पाय रोवून उभा असतो आणि मधोमध एक स्क्रू त्याला शंकूच्या तळाशी जोडतो. हा स्वर अधिक लांब रेंगाळतो. मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याच्या ब्लूग्रास शैलीत हाच प्रकार रूढ आहे. दोन्हींत शंकूचे काम ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारखे असते. पडदा जितका हलका आणि त्याचा काठ जितका नीट टेकलेला, तितका तारेचा जोर हवेत उतरतो. सुधारणेचा सारा खटाटोप या दोन गोष्टींभोवती फिरतो.

एका वेळी एकच बदल

उत्साहाच्या भरात लोक तारा, शंकू, सॅडल असे सर्व काही एका रविवारी बदलून टाकतात आणि आवाज सुधारला तर कशाने, बिघडला तर कशाने, हे त्यांना कळत नाही. त्यापेक्षा आरंभी एक सोपी शिस्त पाळावी. मोबाइल एका ठराविक जागी, ठराविक अंतरावर ठेवून त्याच चार ओळी ध्वनिमुद्रित कराव्यात. प्रत्येक बदलानंतर पुन्हा त्याच. आपला कान फार लवकर नव्या आवाजाला सरावतो आणि खर्च केलेल्या पैशाचे समर्थनही करू लागतो. यंत्र तसे करीत नाही.

पहिला बदल तारांचा. कारखान्यातून येणाऱ्या तारा बहुधा बारीक असतात आणि आगबोटीच्या प्रवासात व गोदामात त्या निस्तेज झालेल्या असतात. बारीक तार शंकूवर पुरेसा भार टाकत नाही. शंकू सैल बसतो आणि आवाज पोकळ येतो. बिस्किट प्रकारासाठी पहिली तार ०.०१३ इंच आणि सहावी ०.०५६ इंच असा फॉस्फर-ब्राँझ अथवा निकेलचा संच चांगला चालतो. विशेषतः वाद्य ‘ओपन जी’ (डी-जी-डी-जी-बी-डी) किंवा ‘ओपन डी’ (डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी) या उतरत्या जुळणीत वाजवायचे असेल, तर जाड तारांचा अतिरिक्त ताण वाद्याला जाचत नाही. केवळ एवढ्या बदलाने निम्मी तक्रार मिटल्याचे अनेकदा दिसते. डोब्रो-वादकांची चढी जुळणी (जी-बी-डी-जी-बी-डी) आणि तिच्यासाठीच्या ०.०१६ इंचांपासून सुरू होणाऱ्या तारा मात्र चौकोनी मानेच्या वाद्यासाठी असतात. त्या स्वस्त, गोल मानेच्या गिटारीवर चढवल्या तर मान वाकते.

तारा बदलताना सर्व एकदम काढू नयेत. शंकू कोठेही चिकटवलेला नसतो. तारांचा दाब हाच त्याचा खिळा. दाब गेला की शंकू आणि बिस्किट सरकतात आणि पुन्हा नेमक्या जागी येतीलच असे नाही. एक तार उतरवावी, तिच्या जागी नवी चढवावी, मग दुसरीकडे वळावे. शंकू बाहेर काढण्याचीच वेळ आली, तर तो कोणत्या दिशेने बसला होता याची पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

खुळखुळ्याचा शोध

नव्या तारांनंतरही खुळखुळ राहिलीच तर शंकूला दोष देण्यापूर्वी बाहेरच्या गोष्टी तपासाव्यात. सर्व तारा हाताने दाबून मुक्या कराव्यात आणि थाळीवर, मानेवर, पाठीवर बोटांच्या पेरांनी टकटक करावे. त्यानंतर कोणाला तरी तो विशिष्ट स्वर वाजवायला सांगून आपण एकेक भाग दाबून पाहावा : थाळीचे स्क्रू, खुंट्यांवरील नट, वरच्या दोन जाळ्या, तारा अडकवण्याची टेलपीस. टेलपीस थाळीला पुसटशी टेकत असेल तर तिच्याखाली चामड्याचा किंवा फेल्टचा तुकडा सरकवला की काम होते. घोडीवर तळहात टेकण्यासाठी जी कमान असते, तिला सॅडलचे टोक चाटत नाही ना, हेही पाहावे. थाळीचे स्क्रू स्वस्त वाद्यात मऊ लाकडात किंवा प्लायवूडमध्ये बसवलेले असतात. ते पुन्हा लावताना आधी हलकेच उलटे फिरवावेत. जुना आटा सापडल्याचा बारीक झटका हाताला जाणवतो, मग सुलटे फिरवावे. आटा गेलाच असेल तर छिद्रात आगकाडीचा तुकडा फेव्हिकॉल लावून ठोकावा आणि वाळल्यावर स्क्रू बसवावा.

हा क्रम सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला चुकीतून मिळालेला आहे. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या एका जुन्या, स्वस्त बिस्किट प्रकारच्या गिटारीत तिसऱ्या तारेचा मोकळा स्वर छेडला की आतून मधमाशी अडकल्यासारखा आवाज येई. एका रात्री धीर सुटला. सर्व तारा सोडल्या, थाळी काढली, शंकू बाहेर घेतला आणि बिस्किटाला शंकूशी जोडणारा मधला स्क्रू किंचित सैल वाटला म्हणून तो पिळला. थोडा घट्ट झाला. आणखी थोडा पिळला. शंकूचे शिखर बोटाखाली मऊ चपातीसारखे आत गेले. त्या क्षणी कसलाही आवाज झाला नाही, हे आजही आठवते. पत्रा इतका पातळ असतो की तो तुटतानाही कुरकुरत नाही. चेपलेला शंकू ठोकून सरळ करता येत नाही. धातूत पडलेली घडी कायमची अशक्त राहते. नवा शंकू मागवला, पोस्टातून तो यायला महिना गेला. तो बसवला, तारा चढवल्या, तिसरी तार छेडली; मधमाशी आतच होती. ती निघाली तळहाताच्या कमानीच्या एका सैल स्क्रूपाशी. अर्धा फेरा दिल्यावर ती गेली.

शंकूची बैठक

बाहेरचे सर्व निर्दोष ठरल्यावरच थाळी उघडावी. आत प्लायवूडची एक गोल कड दिसते. काही धातूच्या वाद्यांत ती पत्र्याचीच असते. या कडेवर शंकूचा काठ सर्व बाजूंनी सारखा टेकला पाहिजे. कारखान्यात या कडेवर व्हार्निशचे थेंब, सरसाचे ओघळ, लाकडाचा भुसा हमखास राहून जातो. एका थेंबामुळे शंकू एका बाजूस केसभर उचललेला राहतो आणि त्या फटीतच खुळखुळ जन्मते. तपासण्याची जुनी सुतारी रीत येथेही उपयोगी पडते : कडेवर खडू घासावा, शंकू ठेवून हलक्या हाताने थोडा फिरवावा आणि उलटून पाहावा. काठावर खडूचे वर्तुळ पूर्ण उमटले तर बैठक सपाट आहे. तुटक उमटले तर कोठे उंचवटा आहे ते कळते. उंचवटा लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने सावकाश उतरवावा आणि भुसा पुसून काढावा. शंकूचा काठ स्वतः सपाट आहे की नाही, हे तो काचेवर ठेवून पाहिल्यास लगेच दिसते. काही जण शंकू कडेला सिलिकॉनने चिकटवून टाकतात. खुळखुळ थांबते हे खरे, पण काठाची मोकळीक जाते आणि स्वर गुदमरतो. हा उपाय टाळलेलाच बरा.

स्पायडर प्रकारात आणखी एक तपासणी असते. त्या आठ पायांपैकी एखादा पाय शंकूच्या काठाला टेकतच नसतो. स्पायडर काचेवर ठेवून डुगडुगतो का ते पाहावे. उंच राहिलेले पाय सोडून टेकणारे पाय काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर अलगद घासत गेले, की थोड्या वेळात आठही एका पातळीत येतात. मधल्या स्क्रूबाबत नवशिक्यांत मोठा गैरसमज आहे. तो आवाज वाढवण्याची कळ नव्हे. स्पायडर आणि शंकू यांची गाठ पडेल आणि स्क्रू स्वतः खुळखुळणार नाही, एवढाच तो कसायचा. टेकल्याचे जाणवल्यावर पाव फेरा फार झाला. वरील मधमाशीची कथा येथेही लागू आहे.

उलटी जवारी

यानंतरची जागा सर्वांत नाजूक आणि माझ्या मते सर्वांत फलदायी : सॅडलची ती पट्टी. आपल्याकडे तंतुवाद्यांत रस असलेल्या वाचकाला ती समजावून सांगणे सोपे आहे, कारण जवारी ही कल्पना आपल्या परिचयाची आहे. सतार आणि तंबोरा यांची घोडी रुंद असते. मिरजेचे कारागीर, ज्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या घोडीचा माथा कानशीने अशा अलगद उताराने घासतात की कंप पावणारी तार त्याला चाटत राहते. त्या चाटण्यातून असंख्य वरचे स्वर उमलतात आणि तंबोरा भरून बोलतो. तंबोऱ्यात तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा ती जागा नेमकी करतो.

रेझोनेटर गिटारीत नेमके याच्या उलट हवे असते. तार सॅडलवरून सुटताना मानेकडच्या धारेवरून एका बिंदूत, स्वच्छ सुटली पाहिजे. स्वस्त वाद्यात तारेची खाच सपाट तळाची, अनेकदा फार खोल आणि कधी मध्येच उंच कापलेली असते. तार खाचेत थोडीशी लोळते आणि नको तेथे जवारी लागते. स्वर झिणझिणतो, सुरेलपणा जातो, जोर कमी होतो. यावर उपाय असा : खाचेचा तळ टेलपीसच्या दिशेने उतरता करायचा, म्हणजे तिचा सर्वांत उंच बिंदू मानेकडच्या धारेवर येईल. खाच एवढीच खोल ठेवायची की तार अर्धी आत, अर्धी बाहेर दिसेल. त्यासाठी तारेच्या जाडीच्या बारीक कानशी मिळतात. त्या नसतील तर जाड, पीळदार तारेचा तुकडा खाचेत मागेपुढे ओढूनही काम होते, मात्र वेळ लागतो. जास्त घासले गेल्यास पट्टी बदलावी लागते. ते फार महाग नाही आणि बरेचदा लाभाचेच ठरते, कारण मूळ पट्टी ठिसूळ किंवा मऊ लाकडाची असते. कठीण मेपलची पट्टी, वर शिसवीसारख्या काळ्या एबनी लाकडाची चिंचोळी टोपी, ही जुनी मान्य रचना. मऊ लाकूड वरचे स्वर स्वतःच गिळते. प्लॅस्टिकचा नटही याच कारणास्तव हाडाचा करून घ्यावा. तार जुळवताना नटपाशी ‘टिक्’ असा आवाज येत असेल तर खाच अरुंद आहे. पेन्सिलीच्या शिशाची पूड तात्पुरती कामाला येते.

सॅडलच्या उंचीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. तारा सॅडलवरून पुढे टेलपीसकडे जाताना खाली वळतात. त्या वळणाच्या कोनावर शंकूवर पडणारा भार अवलंबून असतो. वर सांगितलेल्या जाड संचाचा, साध्या जुळणीतील, एकूण ताण सुमारे ८० किलो धरला, तर ५ अंशांच्या वळणाने शंकूवर सुमारे ७ किलो भार येतो, १० अंशांनी १४ आणि १५ अंशांनी २१ किलो. भार कमी पडला तर शंकू सैल, आवाज पोकळ, तारा खाचेतून उड्या मारतात. भार जास्त झाला तर स्वर आवळला जातो आणि एके दिवशी शंकू खचतो. स्वस्त गिटारीच्या तारा फ्रेटपासून फार उंच असतात, म्हणून मालक सॅडल घासून त्या खाली आणतो. वाजवायला सोपे होते, पण वळण उथळ होऊन आवाज जातो. ‘आवाज आधी बरा होता, आता कुठे गेला?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा हेच असते. तारा उंच असण्याचे खरे कारण मानेचा चुकलेला कोन असते आणि तो दुरुस्त करण्यास अनेकदा वाद्याच्या किमतीइतका खर्च येतो.

अशा वाद्याचे काय करावे? माझे मत स्पष्ट आहे : ते मांडीवर आडवे घ्यावे. नटवर बसणारी उंच धातूची टोपी मिळते. ती चढवली की तारा सर्वत्र उंच होतात, फ्रेटचा प्रश्नच उरत नाही आणि पोलादी कांबीने घसरत्या स्वरांत वाजवता येते. सॅडल उंच ठेवता येतो, वळण भरपूर मिळते आणि जे वाद्य बोटांनी दाबून वाजवताना शत्रू वाटत होते तेच बोलू लागते.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. सामोआत जन्मलेले तौ मो १९४०च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिले, वाजवीत आणि शिकवीत होते. त्या शहरात हवाई गिटारची जी आवड रुजली, तिच्या पारंब्या पुढे हिंदी चित्रपटसंगीतापर्यंत पोहोचल्या. मुंबईत व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या धुना या घसरत्या स्वरांत वाजवून घराघरांत नेल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये स्लाइड गिटारीवर राग मांडला. विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली आणि १९९५ मध्ये ‘बर्बन अँड रोझवॉटर’ या ध्वनिमुद्रिकेत ते डोब्रोचे आजचे सर्वश्रेष्ठ वादक जेरी डग्लस यांच्यासह वाजवले. ती ऐकताना मोहनवीणेची मींड आणि डोब्रोची घसरण एकमेकींत कोठे मिसळतात ते कळेनासे होते. मुंबई-पुण्यात ज्यांच्या घरी आजोबांची हवाई गिटार माळ्यावर पडून असेल, त्यांच्यापाशी पोलादी कांब बहुधा आधीच आहे.

नवा शंकू घ्यावा का?

सर्व जुळणी झाल्यावरच हा प्रश्न विचारावा. स्वस्त वाद्यातील शंकू बहुधा यंत्राखाली साच्यात दाबून काढलेला आणि जाडसर असतो. चांगला शंकू लेथवर फिरणाऱ्या साच्यावर पातळ पत्रा हळूहळू दाबत घडवलेला असतो. तो हलका असतो आणि दाबताना धातूला ताठपणाही येतो. दोन्ही शेजारी ठेवून बोटाने टिचकी मारली तर फरक लगेच कळतो. जुळणी नीट असलेल्या वाद्यात नवा शंकू खरोखरच मोठा फरक करतो : जाड तारांना पाया येतो आणि वरच्या तारांचा कर्कशपणा ओसरतो. मात्र वाकड्या कडेवर, लोळणाऱ्या तारांखाली बसवलेला महागडा शंकू स्वस्त शंकूइतकाच खुळखुळतो. कॅलिफोर्नियात १९८९ पासून नॅशनलची परंपरा चालवणारी नॅशनल रेझो-फोनिक ही कंपनी आणि इतर काही उत्पादक असे शंकू सुटे विकतात. मागवण्यापूर्वी आपल्या वाद्याचा जुना शंकू, कडेचा आतला व्यास आणि थाळीखालची खोली मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावी, कारण आयात वाद्यांची मापे मूळ अमेरिकी मापांपासून थोडी ढळतात. स्पायडरच्या मधल्या स्क्रूचा आटाही जुळेलच असे नाही. सीमाशुल्क धरता हा खर्च वाद्याच्या किमतीच्या बराच जवळ जाऊ शकतो, हे आधीच मनाशी मांडलेले असावे.

नवा शंकू बसवल्यावर सॅडलची जागाही पुन्हा पाहावी लागते. बाराव्या फ्रेटवर तारेला केवळ स्पर्श करून मिळणारा स्वर आणि तेथेच दाबून मिळणारा स्वर एकच आला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर सॅडल टेलपीसकडे, उतरता असेल तर मानेकडे सरकवायचा. बिस्किट प्रकारात शंकू थोडा फिरवला की सॅडल तिरका होतो आणि जाड तारांना हवी असलेली किंचित जास्त लांबी मिळते. हे करताना तारा सैल कराव्यात. ताणलेल्या तारांखाली शंकू ढकलू नये.

स्वस्त वाद्यात कधी आयता बसवलेला पिझो पिकअप असतो. त्यातून येणारा आवाज शंकूचा नसतो, लाकडावरील खडखडाटाचा असतो. मंचावर वाजवायचेच असेल तर समोर मायक्रोफोन ठेवलेला बरा.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. अ‍ॅल्युमिनियमचा शंकू दमटपणाने फुगत नाही, पण त्याखालची प्लायवूडची कड फुगते आणि थाळीचे पोलादी स्क्रू गंजून जागीच बसतात. जूनपूर्वी एकदा प्रत्येक स्क्रू काढून, पुसून, मेणाचा हात लावून परत बसवावा. पावसाळ्यात वाद्य पेटीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. तारा थोड्या उतराव्यात, पण पूर्ण सोडू नयेत. नवा शंकू तर पहिले काही दिवस सतत ताणाखालीच राहू द्यावा. तो बसेपर्यंत जुळणी रोज थोडी ढळते आणि रोज सकाळी खुंटी पुन्हा पिळावी लागते.